पुरानंतर बोनेट उघडेना

प्रश्न : २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा आमची गाडी सोसायटीच्या आवारात हेडलाइटपर्यंत पाण्यात होती. इंजिनाचं काम लगेच करून घेतलं. बोनेटची लिव्हर मात्र तेव्हापासून जड झाली आणि आता बोनेट उघडतच नाही. गॅरेजवाला म्हणतो, पुढची जाळी कापावी लागेल. दुसरा काही मार्ग आहे का?
— एक वाचक भगिनी, अकोटा, बडोदे

उत्तर : ताई, जाळी कापू देऊ नका. त्या पुरानंतर माझ्याकडे दांडिया बाजारात अशा कितीतरी गाड्या आल्या. बहुतेकींचं दुखणं एकच : नदीचा बारीक गाळ लॉकच्या ग्रीसमध्ये मिसळून वाळलेला आणि केबलच्या आवरणात पाणी शिरून आतली तार गंजलेली.

आधी लिव्हर हलक्या हातानं ओढून बघा. जोर लागत असेल तर तार अजून शाबूत आहे, लॉक किंवा तार जाम झाली आहे. लिव्हर लुळी पडली असेल तर तार तुटली किंवा निसटली.

जड लिव्हरला हिसके देऊ नका. गंजलेली तार तुटली की काम दुप्पट होतं. घरातल्या कुणाला तरी आत बसवून लिव्हर ओढून धरायला सांगा. तुम्ही बोनेटच्या पुढच्या कडेवर, लॉकच्या बरोबर वर, दोन्ही तळवे टेकवून खाली दाबा आणि सोडा. असं चार-सहा वेळा करा. बंद बोनेटला खालची रबरी बुटं आणि स्प्रिंग सतत वर रेटत असतात, म्हणून बोनेटचा आकडा लॉकच्या जिभेत ताणून बसतो. दाबलं की ताण जातो आणि जीभ फिरायला मोकळी होते. बुक्के मात्र मारायचे नाहीत, पत्र्याला खड्डा पडतो.

एवढ्यानं नाही जमलं तर जाळीच्या फटीतून, लांब नळी लावून, लॉकवर गंज सोडवणारा स्प्रे मारा, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी पुन्हा तोच प्रयोग करा. इंजिन पूर्ण गार हवं, आणि बोटं आत घालायची नाहीत. रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत चावी काढल्यावरही फिरायला लागतो.

तार लिव्हरपाशी तुटली असेल तर डॅशबोर्डखाली तिचं टोक दिसतं. ते पकडीत धरून सरळ रेषेत ओढा. दुसऱ्या हातानं बाहेरचं काळं आवरण घट्ट धरा, नाहीतर तेच सरकतं आणि लॉक जागचं हलत नाही. तार पुढे कुठे तुटली असेल तर कारागिराचं काम. तो खालचं प्लास्टिकचं कव्हर काढून किंवा जाळीच्या क्लिपा सोडवून लॉकची दांडी आकड्यानं ओढतो. पटाशी घालून उचकटणाऱ्याला गाडी देऊ नका, बोनेटची कड वाकली की ती पुन्हा नीट बसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोनेट उघडलं की लगेच बंद करू नका! लॉक डिझेल आणि जुन्या टूथब्रशनं धुवा, कोरडं करून ताजं ग्रीस लावा. पुराचं पाणी प्यायलेली केबल तेल घालून वापरत बसू नका, नवीनच टाका. मग बोनेट उघडं ठेवूनच स्क्रूड्रायव्हरनं लॉकची जीभ खाली दाबा, खट्ट आवाज येऊन ती अडकेल. लिव्हर ओढा. असं काही वेळा करून बघा, दर वेळी जीभ मोकळी झाली तरच बोनेट टाका.

शेजारचा सेफ्टीचा आकडाही बोटानं ढकलून बघा, सोडल्यावर तो आपणहून मागे यायला हवा. अहमदाबाद एक्सप्रेसवेवर लॉक सुटलं तर बोनेट काचेवर आपटण्यापासून तोच वाचवतो. हे सगळं झाल्यावरही लिव्हर जड वाटली तर रबरी बुटं एक-दोन आटे खाली फिरवून घ्या.