स्प्रे टॅन शिकताय? आधी त्वचा ओळखा, मग गन हातात घ्या

या वेळचे सगळे प्रश्न स्प्रे टॅनचे, म्हणजे फवारणीच्या गनने अंगावर सोल्युशन मारून उन्हात न जाता त्वचेला तपकिरी रंग आणण्याचे घेतलेत, कारण विचारणारे बहुतेक जण आधीपासून पार्लरचं काम करणारे आहेत आणि आता ही सर्व्हिस सुरू करायचीय. काही प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, मी फेशियल, वॅक्सिंग करते. आता स्प्रे टॅन सुरू करायचंय पण सामान विकणारे भलीमोठी किट दाखवतात. खरंच काय काय लागतं आणि काय नंतर घेतलं तरी चालतं?

उत्तर : किटचा मोह टाळा. त्यात दहा शेडच्या छोट्या बाटल्या, चमकीची पावडर, वासाचे ड्रॉप्स असलं बरंच असतं आणि रोज लागणारी साधी वस्तू मात्र नसते. सुटं सुटं घ्या.

मशीन दोन प्रकारची मिळते. एक टर्बाइनवाली, जिला एचव्हीएलपी म्हणतात, म्हणजे हवा भरपूर आणि दाब कमी. दुसरी कंप्रेसरवर चालणारी एअरब्रश. एअरब्रशने बारीक काम छान होतं पण पूर्ण अंगाला वेळ लागतो आणि क्लायंट तोपर्यंत कुडकुडत उभी राहते, म्हणून नवीन माणसाने एचव्हीएलपीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, तिच्यावर पूर्ण अंग साधारण १० ते १५ मिनिटांत होतं. गनबरोबर एक जादा नोझल आणि झाकणवाले दोन कप घ्या. सोल्युशनमधलं रंग आणणारं डीएचए ही शेवटी साखर आहे, वाळली की चिकटते, नोझल अर्धवट बंद होतं आणि मग गन बारीक फवारा सोडायच्या ऐवजी थेंब थुंकते आणि पाठीवर ठिपके पडतात. प्रत्येक क्लायंट झाली की कपात कोमट पाणी घालून गन चालवायची, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

मग क्लायंटला उभं करायचा टेंट आणि उडालेला फवारा ओढून घेणारा एक्झॉस्ट फॅन. फॅनवर काटकसर करू नका, त्याबद्दल पुढे सांगते. सोल्युशन सुरुवातीला दोनच ठेवा, एक ८ टक्के डीएचएचं आणि एक १० टक्क्यांचं. एका अंगाला साधारण ५० ते ६० मिली लागतं, त्या हिशोबाने छोट्या बाटल्या आणा. बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहा, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा, कारण उष्णतेने डीएचए खराब होतं आणि जुन्या सोल्युशनचा रंग फिका नाहीतर नारिंगी येतो.

बाकी मग बॅरिअर क्रीम (नको तिथे रंग कमी धरावा म्हणून लावायची), डिस्पोजेबल पँटी, केसांची टोपी, पायाला चिकटणारे तळवे, नाकात घालायचे फिल्टर, डोळ्यांना लावायचे कप, लिप बाम, वाइप्स, गडद रंगाचे टॉवेल, अंगावरच्या रंगाच्या कडा मिसळायला एक मऊ रुंद ब्रश, तुमच्यासाठी हातमोजे आणि चांगला मास्क. एवढं असलं की काम सुरू होतं.

प्रश्न : क्लायंटला स्क्रब करून यायला सांगते तरी गुडघे, कोपरं आणि घोटे काळपट येतात. बोटांच्या पेरांवर तर रेघा दिसतात. गन मारण्यात चुकतंय का?

उत्तर : थोडं गनमध्ये असेल, पण बरंचसं त्वचेत आहे. हा प्रश्न सगळ्यात जास्त जणींनी विचारलाय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डीएचए म्हणजे डायहायड्रॉक्सीॲसीटोन, तीन कार्बनची साधी साखर. ती त्वचेच्या अगदी वरच्या मृत थरातल्या अमिनो ॲसिडशी जोडली जाते आणि तपकिरी रंगद्रव्य तयार होतं. भाजलेल्या पावाचा रंग ज्या क्रियेने येतो तीच ही, मेयार रिॲक्शन. हे टॅनिंगसाठी कुणी शोधायला गेलं नव्हतं. १९५० च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये ईव्हा विटगेनस्टाइन नावाच्या संशोधिका आजारी मुलांना तोंडाने डीएचए देत होत्या, ते अंगावर सांडलं की तिथली त्वचा काही तासांनी तपकिरी व्हायची, कपडे मात्र तसेच राहायचे. त्यांनी ते स्वतःच्या त्वचेवर लावून बघितलं आणि तिथून हा सगळा धंदा उभा राहिला.

आता तुमच्या गुडघ्यांकडे येऊ. मृत थर जिथे जाड आणि कोरडा तिथे डीएचए जास्त मुरतं. गुडघा, कोपर, घोटा, टाच, बोटांची पेरं, सगळ्या जागा तशाच. स्क्रबने थर सारखा होतो पण तो सारखा करायलाच पाहिजे, आणि तो करायचा २४ तास आधी, त्याच दिवशी सकाळी नाही. तेलकट स्क्रब सांगू नका, तेलाचा थर बसतो आणि सोल्युशन त्याच्यावरून घसरतं. साधा खरखरीत हातमोजा आणि पाणी पुरतं. वॅक्सिंग असेल तर २४ ते ४८ तास आधी, दाढीसारखं रेझर फिरवायचं असेल तरी निदान आदल्या दिवशी, नाहीतर उघड्या रोमछिद्रांत रंग बसून पायावर बारीक काळे टिपके दिसतात. जुना टॅन शिल्लक असेल तर तो घासून काढूनच नवीन मारायचा. चट्ट्यांवर चट्टे चढवलेले मला अजिबात आवडत नाहीत.

त्या दिवशी आंघोळ करायची पण नंतर अंगाला काहीही लावायचं नाही, लोशन नाही, डिओ नाही, परफ्यूम नाही, मेकअप नाही. घरी जाताना ढगळ, गडद कपडे आणि सैल चप्पल. हे सगळं अपॉइंटमेंट देतानाच मेसेज करून ठेवा, तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

क्लायंट आली की लगेच गन उचलू नका. आधी नडगीवरून, कोपरावरून हात फिरवून बघा. खरखरीत लागलं तर तिथे बॅरिअर क्रीम जास्त, मऊ असेल तर अगदी पुसट. क्रीम वाटाण्याएवढं घ्यायचं, दोन्ही तळहातांवर चोळून पातळ करायचं आणि मग पेरांवर, नखांभोवती, बोटांच्या बेचक्यात, मनगटाच्या आतल्या घडीवर, पायाच्या बोटांवर, टाचेच्या कडेला. पांढरं दिसत राहिलं तर जास्त झालं, पुसून घ्या, नाहीतर काळ्या रेघेऐवजी पांढरी रेघ येईल.

हात सगळ्यात शेवटी मारायचे. क्लायंटला बोटं पंजासारखी अर्धी वाकवून ठेवायला सांगा, म्हणजे पेरांच्या सुरकुत्या उघडतात. गन नेहमीपेक्षा लांब धरायची आणि एकच झपकन फेरा. अंगावर गन साधारण १५ ते २० सेंटीमीटरवर असते, हातापायांच्या पंजांना त्याहून मागे जायचं. झालं की ओल्या वाइपने तळहात, नखं आणि बोटांच्या कडा पुसायच्या, कोरड्या मऊ ब्रशने मनगटावरची सीमा हलकेच मिसळून टाकायची. गुडघे आणि कोपरं वाकवून मारा, सरळ ठेवून नाही, नाहीतर वाकवल्यावर घडीतली पांढरी रेघ दिसते.

प्रश्न : काखेत हिरवट छटा आली, क्लायंट घाबरली. सोल्युशन बाद झालंय का?

उत्तर : सोल्युशन नाही, डिओ. तिने सकाळी लावला असणार. आल्या आल्या काखा वाइपने पुसून कोरड्या करून घ्यायची सवय लावा, तिने "नाही लावला" सांगितलं तरी.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे, नुकतीच शिकतेय. मॅडम म्हणतात डीएचए सेफ आहे, मास्कची गरज नाही. फवारा तर नाकातोंडात जातो, खोकला येतो. मी काय करू?

उत्तर : तू मास्क लाव आणि कुणी काही म्हटलं तरी काढू नकोस. मॅडमचं अर्धं बरोबर आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, डीएचए त्वचेवर बाहेरून लावायला मान्यता दिलीय, पण ओठ, डोळ्यांचा भाग, नाकातोंडाच्या आतली ओली त्वचा यांच्यासाठी नाही आणि श्वासातून आत जायला तर नाहीच. म्हणून तर नाकात फिल्टर, डोळ्यांना कप आणि ओठांना बाम लागतात. क्लायंटच्या अंगावर तो फवारा थोडा वेळ येतो, तू मात्र रोज एकामागून एक तेच हवेत घेत राहणार, म्हणजे जास्त धोका तुलाच. एक्झॉस्ट फॅन टेंटमागे, फवारा तुझ्या तोंडाकडून लांब ओढेल असा लाव, त्याचे फिल्टर धूत नाहीतर बदलत राहा. चेहऱ्यावर मारताना क्लायंटला श्वास रोखायला सांग आणि दोन छोट्या फेऱ्यांत संपव.

टक्केवारीचंही बघत जा. युरोपियन युनियनने २०२१ च्या नियमात सेल्फ टॅनिंगच्या उत्पादनांत डीएचए जास्तीत जास्त १० टक्के ठरवलंय. जास्त टक्के म्हणजे जास्त सुंदर असं नसतं, गोऱ्या त्वचेवर त्याने सरळ नारिंगी दिसतं.

दमा असलेली, गरोदर किंवा त्वचेचा आजार असलेली क्लायंट आली तर डॉक्टरांना विचारून ये म्हणायचं, पैसे गेले तरी चालतील. उन्हाने भाजलेली त्वचा, उघडी जखम, खाजेचे चट्टे, यांच्यावर फवारा नाहीच. आणि प्रत्येक नवीन क्लायंटची पॅच टेस्ट, म्हणजे थोडंसं सोल्युशन लावून त्रास होतो का ते बघणं, किमान २४ तास आधी, हाताच्या आतल्या बाजूला.

प्रश्न : माझ्या एका क्लायंटच्या हातावर कोड आहे. लग्नासाठी त्यावर टॅन करून मागतेय. जमेल का?

उत्तर : जमतं. डीएचएचा रंग मेलॅनिनवर, म्हणजे त्वचेच्या स्वतःच्या रंगद्रव्यावर, अवलंबून नसतो म्हणून कोडाच्या डागावरही धरतो आणि तो लपवायला डीएचए वापरतातही. पण गनने पूर्ण हात मारलात तर आजूबाजूची त्वचाही तेवढीच गडद होईल आणि फरक तसाच राहील. फक्त डागावर, छोट्या ब्रशने, कमी टक्क्यांचं सोल्युशन, थर देऊन आठ तास थांबून बघायचं आणि लागला तर दुसरा थर. लग्नाच्या आधी किमान दोन वेळा ट्रायल घ्या, तिच्या त्वचेच्या डॉक्टरांना आधी विचारा. हे काम घाईत करू नका, तिच्यासाठी हा फार मोठा दिवस आहे.

प्रश्न : टॅन असलं की सनस्क्रीन लागत नाही ना?

उत्तर : लागतं. हा रंग ऊन अडवत नाही. उलट टॅननंतरचा पहिला दिवस उन्हात जायचं टाळायलाच सांगा.

प्रश्न : पहिल्या आंघोळीत पाणी तपकिरी झालं म्हणून क्लायंटने फोन करून पैसे परत मागितले. तिला काय सांगू?

उत्तर : जे वाहून गेलं तो ब्रॉन्झर, म्हणजे धुऊन जाणारा वरवरचा रंग. सोल्युशनमध्ये तो मुद्दाम घातलेला असतो, तुम्हाला मारताना कुठे लागलं कुठे राहिलं ते दिसावं म्हणून. खरा रंग मागाहून येतो, दोन-चार तासांत सुरू होतो आणि पूर्ण यायला ८ ते २४ तास लागतात. हे तिला निघण्याआधी सांगितलं असतं तर फोन आलाच नसता, पण अजून वेळ गेलेली नाही, शांतपणे समजावा आणि दुसऱ्या दिवशी फोटो मागवा.

पहिली आंघोळ किमान ६ ते ८ तासांनी, कोमट पाण्याने, साबण आणि घासणी नाही, नुसतं पाणी सोडायचं आणि टॉवेलने टिपायचं. तोपर्यंत भांडी नाहीत, व्यायाम नाही, घाम येईल असं काही नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज साधं मॉइश्चरायझर, त्याने थर सावकाश आणि सारखा निघतो. साधारण ५ ते ७ दिवस रंग चांगला राहतो. चेहऱ्यावर रेटिनॉल किंवा ॲसिडवाली क्रीम लावत असेल तर तिथला लवकर जाईल, तेही आधीच सांगून ठेवा, कारण चेहरा फिका आणि मान गडद अशी तक्रार घेऊन ती चौथ्या दिवशी येणार.