एफ१, एफ१बी, एफ२ आणि घरभर केस : वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रांच्या गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त पत्रं डूडलवाल्यांची (म्हणजे पूडलशी क्रॉस केलेली कुत्री पाळणाऱ्यांची) निघाली, म्हणून म्हटलं चला हा अंक त्यांनाच देऊन टाकू. पग, इंडी आणि मांजरवाल्यांनी जरा धीर धरा.

प्रश्न : ताई, आम्हाला गोल्डनडूडल घ्यायचाय. एक ब्रीडर एफ१ म्हणतो, दुसरा म्हणतो एफ१बीच घ्या, तिसऱ्याकडे एफ२बी आहे आणि चौथा मल्टीजेन सांगतोय. आकडा मोठा म्हणजे पिल्लू भारी, असं काही असतं का?

नाही हो. आकडा पिढी सांगतो, दर्जा नाही. शुद्ध गोल्डन रिट्रीव्हर आणि शुद्ध पूडल यांचं पिल्लू म्हणजे एफ१. दोन एफ१ एकमेकांना लावले की एफ२, दोन एफ२ लावले की एफ३. एफ१ला परत शुद्ध जातीकडे नेलं, बहुतेक वेळा पूडलकडेच नेतात, की एफ१बी, यातला बी म्हणजे बॅकक्रॉस. त्यालाही पुन्हा पूडल लावला की एफ१बीबी. आणि पुढे डूडलला डूडल लावत बऱ्याच पिढ्या गेल्या की मल्टीजेन म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

ब्रीडर जे टक्के सांगतात ते असे, एफ१मध्ये पूडल ५० टक्के, एफ१बीमध्ये ७५, एफ१बीबीमध्ये ८७.५. यातला एफ१चा आकडा पक्का, कारण निम्मं आईकडून निम्मं बापाकडून आणि दोघंही शुद्ध. पुढचे सगळे आकडे सरासरीचे आहेत हे मात्र कुणी सांगत नाही. एफ१ आई पिल्लाला स्वतःचं निम्मं देते खरं, पण त्या निम्म्यात गोल्डन किती आणि पूडल किती हे दर पिल्लागणिक बदलतं, त्यामुळे एकाच वेतातलं एक एफ१बी पिल्लू सत्तरच्या आसपास आणि दुसरं ऐंशीच्या आसपास असू शकतं, कागदावर दोघंही ७५च.

अजून दोन गोची आहेत. एक म्हणजे बी कुठल्या बाजूचा ते लेबलवर नसतं, एफ१ला गोल्डन लावला तरी ते एफ१बीच आणि त्या पिल्लांचा कोट, म्हणजे अंगावरचे केस, पार वेगळा येणार. दुसरं म्हणजे एफ२बी, हे काही जण एफ१ गुणिले एफ१बीला म्हणतात आणि काही जण एफ२ गुणिले पूडलला. त्यामुळे लेबल ऐकून मान डोलवू नका, सरळ विचारा की आई कोण, बाप कोण आणि त्यांचे आईबाप कोण. ज्याला हे पटकन सांगता येत नाही त्याच्याकडून मी तरी पिल्लू घेणार नाही.

प्रश्न : आमचा एफ२ गोल्डनडूडल आता सात महिन्यांचा आहे. त्याच्या भावाला मस्त कुरळे केस आणि मिशा, अगदी टेडी बेअर, आणि आमच्याचं तोंड सपाट, केस सरळ आणि सोफ्यापासून डाळीच्या डब्यापर्यंत सगळीकडे केसच केस. ब्रीडर म्हणाला होता डूडल केस गाळत नाहीत. आम्हाला भलतंच पिल्लू दिलं का?

भलतं नाही, पिल्लू डूडलच आहे. फसवलं असेल तर ते त्या "केस गाळत नाहीत"च्या गॅरंटीने. हे जरा सविस्तर सांगते कारण याच मजकुराची अजून पत्रं आलीत.

कुत्र्यांच्या कोटातला बराचसा फरक फक्त तीन जीनवर (जनुकांवर) चालतो, हे २००९ साली "सायन्स" या मासिकात आलेल्या अभ्यासात दिसलं, त्यात ८० जातींची हजारावर कुत्री तपासली होती. एक जीन मिशा-दाढी-भुवयांचा, नाव आरएसपीओ२, ब्रीडर लोक याला फर्निशिंग म्हणतात. दुसरा केसांच्या लांबीचा, एफजीएफ५. तिसरा कुरळेपणाचा, केआरटी७१. प्रत्येक जीनच्या दोन प्रती, एक आईकडची एक बापाकडची. मिशांचं असं आहे की एक प्रत मिळाली तरी मिशा येतात. लांब केसांना मात्र दोन्ही प्रती लांबच लागतात. आणि कुरळेपणा अधलामधला, एक प्रत असेल तर केस वेव्ही, दोन असतील तर चांगले घट्ट कुरळे.

आता पूडलकडे बहुतेक वेळा मिशांच्या दोन प्रती आणि कुरळ्याच्याही दोन. गोल्डनकडे मिशांची एकही नाही आणि केस साधारणपणे सरळ. लांबीत दोघंही लांबच, म्हणून तो जीन इथे बाजूला ठेवू. यांची एफ१ पिल्लं सगळी सारखीच निघतात, प्रत्येकाला मिशांची एक प्रत, कुरळ्याची एक, म्हणजे मिशा आहेत आणि केस वेव्ही. फोटोत छान दिसतात आणि लोकांना वाटतं डूडल म्हणजे असाच.

पण दोन एफ१ एकमेकांना लावले की पत्ते परत पिसले जातात. दोघांकडेही मिशांची एक प्रत आहे आणि एक नाही, त्यामुळे चारात एका पिल्लाला दोन्हीकडून "नाही" मिळतं. तेच तुमचं सपाट तोंडाचं पिल्लू, ब्रीडरांच्या भाषेत फ्लॅट कोट किंवा इम्प्रॉपर कोट (हा इम्प्रॉपर शब्द मला अजिबात आवडत नाही, पिल्लाने काय वाकडं केलंय). केस सरळ येण्याची शक्यताही चारात एकच, आणि दोन्ही एकत्र येण्याची सोळात एक, ते पिल्लू जवळपास गोल्डनसारखंच दिसतं आणि गोल्डनसारखंच केस टाकतं. कारण मिशांचा जीन फक्त मिशांपुरता नाही, केस गळण्याशीही त्याचा संबंध आहे, मिशावाली कुत्री साधारणपणे कमी गाळतात आणि बिनमिशांची जास्त. गळण्यावर एमसी५आर नावाचा अजून एक जीनही परिणाम करतो, म्हणून दोन मिशावाल्या भावांतही कमीजास्त असतंच.

ब्रीडर कदाचित म्हणेल की आमच्या मागच्या वेतात एकही फ्लॅट कोट नव्हता. खरंही असेल. चारात एक ही शक्यता आहे, हिशेब नाही. आठ पिल्लांच्या एफ२ वेतात एकही सपाट तोंडाचं न येण्याची शक्यता साधारण दहात एक निघते, म्हणजे तसं होऊ शकतं आणि त्यावरून पुढच्या वेताबद्दल काहीच ठरत नाही.

पुढे कुणी पिल्लू बघायला जाणार असेल तर आठ आठवड्यांच्या आसपास तोंड जवळून बघा. नाकाच्या वरच्या दांड्यावर आणि दोन डोळ्यांच्या मध्ये केस लांब होऊन उभे किंवा आडवेतिडवे वाढलेत का, की लॅब्राडॉरसारखे आखूड आणि चपटे बसलेत? हनुवटीखाली झुपका आहे का? पाठीवरच्या कुरळ्यांवर जाऊ नका, पिल्लाचा कोट बदलतो, पण तोंड सहसा खोटं बोलत नाही.

तुमच्या पोराला आता रोज ब्रश आणि घरात एक चांगला व्हॅक्यूम क्लीनर. त्यातल्या त्यात बरी गोष्ट म्हणजे भावाच्या मालकाला जेवढा गुंता सोडवावा लागेल तेवढा तुम्हाला नाही लागणार.

प्रश्न : आमचं लॅब्राडूडल एफ१ आहे. दाढी आहे पण केस आखूड, खरखरीत, विस्कटलेले. मैत्रिणीच्या गोल्डनडूडलसारखे का नाहीत?

कारण लॅब्राडॉर आखूड केसांचा आणि आखूड हा लांबवर भारी पडतो, पूडलकडून लांबीची एकच प्रत आली, ती दबून राहिली. मिशा मात्र एका प्रतीवर आल्या. म्हणून तो तसा झिपऱ्या दिसतो. काही बिघडलेलं नाही, मला तर हेच आवडतात.

प्रश्न : मुलाला कुत्र्यांची ॲलर्जी आहे. एफ१बीबी घेतला, ८७.५ टक्के पूडल, तर चालेल ना? हायपोॲलर्जेनिक, म्हणजे ॲलर्जी न होणारा, असं लिहिलंय.

टक्क्यांवर विसंबून घेऊ नका. ॲलर्जी केसाची नसतेच मुळी, कुत्र्याच्या लाळेत, कोंड्यात आणि लघवीत जी प्रथिनं असतात त्यांची असते. त्यातलं मुख्य कॅन एफ १ (या एफ १चा पिढीशी काही संबंध नाही, नावच तसं पडलंय). २०११ साली आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात हायपोॲलर्जेनिक म्हणवणाऱ्या कुत्र्यांच्या आणि बाकी कुत्र्यांच्या घरांत या प्रथिनाच्या प्रमाणात फरक सापडला नाही. २०१२च्या डच अभ्यासात तर पूडल आणि लॅब्राडूडलसारख्या कुत्र्यांच्या केसांतच ते जास्त निघालं.

आणि गंमत म्हणजे लॅब्राडूडल गाजला तो ॲलर्जीमुळेच. ऑस्ट्रेलियातल्या गाइड डॉग संस्थेत वॉली कॉनरन काम करायचे, हवाईतल्या एका अंध बाईंना गाइड डॉग हवा होता आणि त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती. नुसते पूडल बरेच बघून झाले पण त्या कामाला जमेनात, म्हणून १९८९च्या सुमारास लॅब्राडॉर आणि स्टँडर्ड पूडल लावला. तीन पिल्लं झाली, तिघांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले आणि नवऱ्याला त्रास झाला नाही तो फक्त एका पिल्लाचा. तीनात एक, तेही एकाच वेतातली सख्खी भावंडं! नंतर जो बाजार झाला त्याबद्दल कॉनरन यांनी स्वतः जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केलाय.

तेव्हा मुलाला जे पिल्लू घ्यायचंय त्याच पिल्लासोबत बसू द्या, एकदा नाही, चार-पाच वेळा आणि बंद खोलीत. आधी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून नेमकी कुठल्या प्रथिनाची ॲलर्जी आहे ते तपासून घ्या. कॅन एफ ५ नावाचं एक प्रथिन नराच्या प्रोस्टेटमध्ये तयार होतं, काहींना फक्त त्याचीच ॲलर्जी असते आणि अशांना मादी चालून जाते.

प्रश्न : नऊ महिन्यांपर्यंत आमच्या एफ१बीचे केस रेशमासारखे होते, मी रोज ब्रश करते, तरी ग्रूमरने गुंता झालाय म्हणून पूर्ण भादरून टाकला. एवढं चिडायला झालं ना!

समजू शकते, पण ग्रूमरला बोलू नका. साधारण सहा महिन्यांपासून वर्षभरापर्यंत कधीतरी पिल्लाचा मऊ कोट जाऊन मोठ्यांचा दाट कोट येतो. कुरळ्यांचे केस गळतच नाहीत असं नाही, गळलेले तिथेच अडकून राहतात, त्यात नवीन उगवत असतात आणि मुळाशी नमदा तयार होतो. वरून ब्रश फिरवला की वरचे केस मोकळे दिसतात आणि खाली सगळं घट्ट.

रोज करता त्याऐवजी एक दिवसाआड करा पण नीट करा. एका हाताने केस वर धरायचे, खाली त्वचेची एक रेघ दिसली पाहिजे, तिथून स्लिकर ब्रशने (बारीक तारांच्या ब्रशने) थोडे थोडे केस खाली सोडवत यायचं, मग पुढची रेघ. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून घालायचा, तो न अडकता बाहेर आला तरच झालं. कानामागे, काखेत, मांड्यांच्या आत, शेपटीच्या बुडाशी आणि पट्ट्याखाली आधी बघा, गुंता तिथूनच सुरू होतो. आणि गुंता असताना आंघोळ घालू नका, ओला झाला की आवळतो, मग सुटत नाही. आवळलेला गुंता कातडी ओढत राहतो, खाली ओल साचून जखमा होतात, तेव्हा भादरणं हेच कमी त्रासाचं असतं. केस येतील परत.

प्रश्न : क्रॉस म्हणजे आजार नाहीत ना? आमच्या ब्रीडरने हायब्रिड व्हिगर, म्हणजे क्रॉस पिल्लू जास्त तगडं असतं, असं सांगितलं.

अर्धं खरं. दोन वेगळ्या जाती लावल्या की एकाच जातीत असलेले दबलेले दोष एफ१मध्ये सहसा झाकले जातात आणि हा फायदा एफ१लाच सगळ्यात जास्त असतो, पुढच्या पिढ्यांत कमी होत जातो. पण दोन्ही जातींत जो दोष आहे तो कसा झाकणार? डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा पीआरसीडी-पीआरए पूडल, लॅब्राडॉर आणि गोल्डन तिघांतही आढळतो, मागच्या पायाच्या खुब्याचा डिसप्लेझियाही (खुब्याचा सांधा नीट न बसणं) तसाच. आईबापांच्या डोळ्यांचा डीएनए रिपोर्ट आणि खुब्याचा एक्स-रे मागा.

प्रश्न : कोटची डीएनए टेस्ट पिल्लाची करायची की आईबापांची?

आईबापांची. गालाच्या आतून स्वॅब घेतात, त्रास काही नाही. दोघांपैकी एकाकडे जरी मिशांच्या दोन्ही प्रती असतील तर वेतातलं एकही पिल्लू सपाट तोंडाचं होणार नाही, मग ते एफ१बी असो की मल्टीजेन. असा रिपोर्ट नसेल आणि पिल्लू आधीच आवडून बसलं असेल, तर मग पिल्लाची करा, पण आगाऊ पैसे द्यायच्या आधी.