कपाशीवर औषधाची चाचणी: पहिल्यांदा करतोयस, तर एवढंच सांभाळ

भावा, कोल्हापुरात उसाच्या पट्ट्यात कपाशी लावून आंतरप्रवाही कीटकनाशकांची चाचणी घेतोयस, हे मला फार आवडलं. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात भिनतं, म्हणून ते मावा, तुडतुडे, पांढरी माशी अशा रस शोषणाऱ्या किडींवर चालतं. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते. तिच्यासाठी ही चाचणी नाही.

पहिली चूक सगळ्यांची एकच: सगळं रान फवारायचं आणि "फरक पडला" म्हणायचं. कशाशी तुलना केलीस? न फवारलेला वाफा हवाच. प्रत्येक औषधाचे किमान तीन-चार वाफे ठेव. कुठला कुठे, ते चिठ्ठ्या टाकून ठरव, नाहीतर चांगली जमीन आपोआप आवडत्या औषधाला जाते.

बियाण्याची पिशवी नीट वाच. बीटी बियाण्याला बहुधा इमिडाक्लोप्रिड हे आंतरप्रवाही कीटकनाशक आधीच लावलेलं असतं. सुरुवातीला कीड कमी दिसली, तर श्रेय फवारणीला देऊ नकोस.

मोजणी:
- फवारणीच्या आदल्या दिवशी, मग 3, 7 आणि 14 दिवसांनी
- सकाळी लवकर, कीड सुस्त असताना
- प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं, खालचं पान, खालच्या बाजूनं. तुडतुड्याची पिल्लं तिरकी पळतात, पान हळू उलट.

दोन औषधं एका पंपात मिसळू नकोस, मात्रा लेबलावरचीच घे. आणि हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या घातल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नकोस. 2017 साली यवतमाळात कपाशी फवारताना विषबाधेनं माणसं गेली. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून तर कधीच फवारू नकोस.

आकडेमोडीचं नंतर बघू. आधी वहीत नोंदी ठेव.