चर्चामंच ओस का पडले?

प्रश्न : छायाचित्रणावरील एका ऑनलाइन चर्चामंचाची मी बारा वर्षांपासून सदस्य आहे. पूर्वी प्रश्न विचारला की तासाभरात पाच-सहा प्रतिसाद येत. आता आठवडा उलटला तरी कोणी फिरकत नाही. लोकांचा चर्चेतला रस आटला आहे का? आणि जुने धागे, म्हणजे एकेक प्रश्न व त्याखालची उत्तरे, तरी टिकतील का?
— एक वाचक

उत्तर : रस आटलेला नाही, चर्चा उठून दुसरीकडे गेली आहे. फेसबुकवरील ग्रुप, व्हॉट्सअ‍ॅप आणि २०१५ मध्ये आलेले डिस्कॉर्ड हे गटगप्पांचे अ‍ॅप यांमुळे प्रत्येक विषयासाठी निराळे खाते उघडण्याचा खटाटोप उरला नाही. शिवाय मंच चालवणारे बहुधा हौशी. पदरमोड करून सर्व्हर चालवायचा आणि रोज जाहिरातींचा कचरा उपसायचा, याला ते कधीतरी थकणारच.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो रचनेतला फरक. मंचावर नवा प्रतिसाद आला की जुना धागा वर येतो, त्यामुळे तीन वर्षांपूर्वीच्या प्रश्नाला आज नेमके उत्तर मिळू शकते. ग्रुपमध्ये मात्र कालचा प्रश्नही आजच्या संदेशांखाली गाडला जातो आणि तोच प्रश्न दर महिन्याला नव्याने विचारला जातो. त्यातच फक्त सदस्यांसाठी असलेल्या ग्रुपमधील मजकूर सर्च इंजिनला दिसत नाही. मंचांना नवे सदस्य मिळत ते बहुतांशी शोधातूनच : माणूस उत्तर शोधत येई, काही महिने वाचनमात्र राही आणि मग स्वतः लिहू लागे. जाणती मंडळी ग्रुपमध्ये गेल्यावर मंचावर नवी उत्तरे पडेनाशी झाली आणि ही आवकही रोडावली.

जुन्या धाग्यांचा भरवसा धरू नये. आयएमडीबी या चित्रपटांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाने आपले संदेशफलक फेब्रुवारी २०१७ मध्ये बंद केले. याहू ग्रुप्सवरील मजकूर २०१९ च्या अखेरीस हटवला गेला आणि पुढच्या वर्षी ती सेवाच संपली. आपल्या विषयाला तर दुहेरी धोका आहे, कारण धाग्यातील छायाचित्रे अनेकदा दुसऱ्याच संकेतस्थळावर ठेवलेली असतात. फोटोबकेट या चित्रे साठवणाऱ्या संकेतस्थळाने २०१७ मध्ये नियम बदलले, तेव्हा असंख्य मंचांवर मजकूर शाबूत राहिला आणि चित्रांच्या जागी केवळ सूचनाफलक दिसू लागले.

तेव्हा मोलाचे धागे चित्रांसह स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यावेत. सर्वांना खुली असलेली पाने इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहामध्येही जतन करता येतात. लॉगिनमागची पाने तिथे पोहोचत नाहीत, त्यांसाठी मंचाच्या चालकांनाच गाठावे लागेल.