चर्चच्या तरुण संघाची जबाबदारी नव्याने घेताना

पहिला महिना शिकवायच्या भानगडीत पडू नकोस. नावं पाठ कर. कोणाची दहावी, कोण कोणत्या कॉलेजात, कोण रविवारीही कामावर, हे वहीत लिहून ठेव. ८-१० जणांमागे एक मोठा माणूस हवाच. गट १५ च्या वर गेला की लाजरी पोरं मागच्या खुर्चीत मोबाईल काढतात आणि पुढे येईनाशी होतात.

अभ्यासाला बायबलमधलं मार्ककृत शुभवर्तमान घे. १६च अध्याय, आठवड्याला एक, चार महिन्यांत पूर्ण. ‘समजलं का?’ विचारलंस तर सगळे माना डोलावतील. ‘त्या जागी तू असतास तर?’ असं विचार आणि थांब. दहा सेकंदांची शांतता नव्या लीडरला सोसत नाही, तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. मग पोरं बोलायचीच बंद होतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा, तेव्हा शिबिर नको. केडगावचं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन दाखवायचं तर दिवाळीनंतर, आधी परवानगी काढून. पुण्याहून दौंडकडे जाणारी लोकल तिथे थांबते.

एकट्याशी बोलायचं ते दार उघडं ठेवून, चारचौघांच्या नजरेत. ‘कोणाला सांगणार नाही’ असा शब्द कधीच देऊ नकोस. १८ वर्षांखालच्या कोणी लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पाळकसाहेबांना सांग, पण कमिटीत मिटवायची ही बाब नव्हे. जिवाचं बरंवाईट करायची भाषा कोणाच्या तोंडून ऐकलीस तर त्याला एकटं सोडू नकोस, घरच्यांना बोलाव आणि त्याच्यासमोरच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लाव.