हात मोकळे हवेत

अगं पोरी,

ओट्यावर मांडलेल्या पाच कॉलचा, म्हणजे शिकारीत जनावराचा आवाज काढायच्या शिट्ट्यांचा, फोटो मिळाला. खाली प्रश्न, "काका, एल्कसाठी यातला कुठला नेऊ?" एल्क म्हणजे इथलं ते थोरलं हरीण. हे दुकानात जाण्याआधी विचारायचं असतं. असो.

तोंडातला डायफ्रॅम ने, तोच तो टाळूला लावून फुंकायचा, पातळ रबराच्या (लॅटेक्सच्या) पट्टीचा. तू धनुष्य घेऊन निघाली आहेस आणि धनुष्याला दोन्ही हात लागतात. हात मोकळे हवेत.

तुझा जीव त्या बटणाच्या रबरी कॉलवर जडलाय हे कळलं मला. दाबलं की मादी बोलते, शिकायची कटकट नाही. आवाजही वाईट नाही, माझ्या सुरुवातीच्या डायफ्रॅमपेक्षा तर कितीतरी गोड. पण सप्टेंबरचा तिसरा आठवडा डोळ्यांपुढे आण. माजावर आलेला नर अ‍ॅस्पेनच्या झाडीतून तुझ्याकडे येतोय. त्याचं डोकं खोडामागे गेलं तेवढ्यात तू दोरी ओढलीस. तो पुढे आला, पण थांबायचं नाव नाही. मादीची एक हलकी हाक दिली की बहुतेक वेळा तो जागच्या जागी थबकतो आणि तेवढाच क्षण तुझा असतो. ती हाक कुठून देणार? बटणासाठी दोरी सोडणार? हात हलला की त्यानं पाहिलंच म्हणून समज. मागे चाळीस-पन्नास यार्डांवर जोडीदार बसणार असेल तर बटण त्याच्या हातात दे, तिथं ते शोभतं. तू एकटी जाणार आहेस.

ओपन रीडचं, म्हणजे उघड्या पट्टीच्या कॉलचं म्हणशील तर ती आपली नारळाच्या पातीची पिपाणीच. पट्टीवर दात कुठे टेकवतेस त्यावर स्वर चढतो-उतरतो. दोन दिवसांत जमेल आणि मादी-पिल्लाचे आवाज झकास निघतील. फक्त थंड पहाटे थुंकीनं पट्टी चिकटते. आणि पुन्हा तेच, तो धरायला हात लागतो. क्लोज्ड रीड, म्हणजे झाकलेल्या पट्टीचा, आणखी सोपा, पण त्यातून एकाच ठेवणीचा आवाज निघतो.

डायफ्रॅम घातला की ओकारी येते म्हणालीस. सगळ्यांनाच येते, त्यात काय! कडेची टेप कात्रीनं थोडी थोडी कापून बघ, आतल्या चौकटीला मात्र धक्का लावू नकोस. टाळू अरुंद असेल तर लहान चौकटीचेही मिळतात. आठवडाभर तो न फुंकता नुसता तोंडात ठेव, भांडी घास, गाडी चालव. मग उघडी कड पुढे ठेवून जिभेनं हलकेच दाब आणि 'हस्स' करून हवा सोड. सुरुवात एकाच लॅटेक्स पट्टीच्या डायफ्रॅमनं कर. दोन-तीन पट्ट्यांचे ब्यूगलला, म्हणजे नराच्या आरोळीला बरे, पण त्यांना हवेचा जोर लागतो. वापरून झाला की धुऊन वाळव आणि उन्हात तापलेल्या गाडीत विसरू नकोस, लॅटेक्स खराब होतं.

ती लांबलचक ब्यूगलची नळी यंदा घरीच राहू दे. नराची आरोळी ऐकून दुसरा नर भांडायला येतो हे खरं, पण कित्येकदा तो आपल्या माद्या हाकत डोंगरापलीकडे निघून जातो. शिवाय सार्वजनिक जंगलात तुला उत्तर देणारा बऱ्याचदा दुसरा शिकारीच असतो. माँटानातल्या गार्डिनरच्या डॉन लॉबाकनं 1980 च्या दशकात मादीचा कॉल बाजारात रूढ केला, त्याआधी बरेचसे शिकारी नराचीच शीळ घालायचे. मादी कमी बोलते, पण कामाचं बोलते.

आणि आधी ऐक. एस्टेस पार्क गावाला जा, तिथल्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात मोरेन पार्कच्या कुरणाशी रस्त्याकडेला बस. उद्यानात कॉल वाजवायला बंदी आहे, ते उत्तमच, तुझी बोटं गप्प राहतील.

तुझी काकू म्हणते, पोरीवर स्वतःचा हट्ट लादू नका. लादतोय. मी या डोंगरात पन्नाशीनंतर शिरलो. शेजारचा म्हातारा रँचवाला दर वर्षी बोलवायचा आणि मी गणपती पुढे करायचो. गणपती आणि एल्कचा माज एकाच सुमारास येतात, हे कारण अजूनही खरंच आहे. पण त्याच्याबरोबरचे जे सप्टेंबर मिळायला हवे होते ते गेले. माझे मित्र बटण दाबून माझ्यापेक्षा जास्त मांस घरी नेतात, हेही कुणीतरी तुला सांगेलच. नेऊ देत. ते जोडीनं जातात, मी एकटा जातो, आणि एकट्याचे हात मोकळे हवेत. हे मी कुणाशीही वाद घालून पटवीन.

वाऱ्याबद्दल तू अवाक्षर लिहिलं नाहीस. पहाटे हवा उतारावरून खाली येते, ऊन तापलं की वर चढते. नर वळसा घालून वाऱ्याखाली येऊन वास घेणार हे धरूनच बस, नाहीतर पाचही कॉल फुकट.

शनिवारी सकाळी ये. धनुष्य आण, डायफ्रॅम तोंडात घालूनच गाडीतून उतर. आणि परवाना नराचा आहे की नर-मादी दोन्हींचा, हे आधी कळव. नर मारायचा तर कोलोरॅडोच्या बहुतेक विभागांत एका शिंगाला किमान चार टोकं लागतात, नाहीतर कपाळाजवळचं टोक पाच इंच. तुझ्या विभागाचा नियम पुस्तिकेत बघून ठेव, मी विचारणार आहे.

तुझा,
काका