रात्रभर ऑक्सिजन मोजायला बोटाऐवजी कानाचा सेन्सर घ्यावा का?

तुमच्या वडिलांना सीओपीडी (श्वास कोंडणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, बोटाचं मशीन झोपेत निघून पडतं, म्हणून कानाचा सेन्सर घ्यावा का आणि त्याच्यावर भरवसा ठेवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. हॉस्पिटलातले मॉनिटर दुरुस्त करणं हा माझा धंदा, त्यामुळे मशीनपुरतंच बोलतो.

कान ही जागा उत्तम आहे. ऑक्सिमीटर मुळात कानावरच जन्माला आला, बोटावर नंतर गेला. जर्मनीत कार्ल मॅथेस यांनी १९३५ मध्ये कानातून प्रकाश सोडून ऑक्सिजन मोजला. पुढे दुसऱ्या महायुद्धात ग्लेन मिलिकन यांनी वैमानिकांसाठी कानाचं हलकं यंत्र केलं. ह्यूलेट-पॅकार्डचं १९७० च्या दशकातलं यंत्र तर कान ४१ अंशांपर्यंत तापवायचं, का तर तिथे रक्त भरपूर यावं. मग जपानच्या ताकुओ आओयागी यांनी गंमत केली. नाडीच्या ठोक्याने सिग्नलमध्ये जी थरथर यायची ती त्यांच्या मोजणीत अडचण होती. त्यांनी ती थरथरच मोजायला घेतली. हे १९७४ चं. आजचं प्रत्येक मशीन त्यावरच चालतं: एक लाल दिवा, एक डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड, आणि दर ठोक्याला दोन्हींचा प्रकाश किती कमीजास्त होतो त्याचं गुणोत्तर.

कानाचा खरा फायदा वेळेचा. एकदा झोपेच्या तपासणीच्या खोलीत पेशंटच्या बोटाला मशीन लावून रात्री थांबलो होतो. पेशंटचं घोरणं अचानक बंद, श्वास थांबला. मी ऑक्सिजनच्या आकड्याकडे बघतोय, ९४ टक्के, हलायला तयार नाही. मग धाडकन घोरणं सुरू झालं, आणि त्यानंतर आकडा ८६ वर आला. म्हणजे बोट शिळी बातमी देत होतं. कानापर्यंत रक्त लवकर पोचतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये कानाच्या भोकात बसणारा सेन्सर बोटाशी ताडून पाहिला, तर कान सुमारे १२ सेकंद पुढे होता. शिवाय थंडीत बोटं गार पडली की तिथलं रक्त आटतं, कानाच्या आतलं तितकं आटत नाही.

आता भानगडी. कानाच्या पाळीचा सिग्नल बोटापेक्षा बारीक असतो. माणूस कुशीवर झोपला की कान उशीखाली दबतो, ठोका मिळत नाही आणि मशीन वाट्टेल ते दाखवतं. एकदा वॉर्डातून फोन आला, ‘मॉनिटर बिघडलाय, आजींचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा) ऐंशीच्या खाली दाखवतोय आणि त्या तर चहा पितायत.’ जाऊन पाहिलं तर जड कुड्यांनी आजींच्या पाळीचं भोक चांगलं लांबलेलं, आणि सेन्सरचा चिमटा नेमका त्या भोकावर. प्रकाश मांसातून न जाता सरळ आरपार! चिमटा अर्धा सेंटिमीटर सरकवला, ९५. तुमच्या वडिलांनी भिकबाळी घातली असेल तर हे ध्यानात ठेवा. (भिकबाळी पाळीला नसते, वरच्या कडेला असते, पण चिमटा लावणाऱ्याला तेवढी उसंत नसते.)

आणि कृपा करून बोटाचं मशीन कानाला लावू नका. ते बोटाच्या जाडीसाठी केलेलं असतं, पाळीवर चुकीचं वाचतं. हे करणारे लोक मी कोरोनात भरपूर पाहिले.

विकत घेताना कान की बोट यापेक्षा स्क्रीनवर नाडीची लाट दिसते का ते बघा. लाट नीट, एकसारखी असेल तरच आकडा वाचायचा. लाट वेडीवाकडी असेल तर आकडा ९९ असला तरी सोडून द्यायचा. नुसता आकडा दाखवणारे, व्यायामासाठी विकले जाणारे इअरबड मी तरी पेशंटसाठी घेणार नाही. रात्रभराची नोंद साठवणारं, वैद्यकीय वापराचं मशीन घ्या. भाड्याने मिळालं तर आणखी बरं, कारण तुम्हाला चारदोन रात्रींचीच नोंद डॉक्टरांना दाखवायची असेल. चांगल्या मशीनलाही दोनतीन टक्के इकडेतिकडे माफ असतं, आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर ही मशीनं कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात, म्हणून एका आकड्यावर जीव टाकू नका.

एक मात्र नक्की: आकडा ९० दिसला म्हणून घरच्या घरी ऑक्सिजनचा नॉब वाढवायचा नाही. सीओपीडीच्या बऱ्याच पेशंटना डॉक्टर मुद्दाम ८८ ते ९२ मध्येच ठेवतात, जास्त ऑक्सिजनने अंगात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. वडिलांचा आकडा किती हवा ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

मशीन आलं की पहिल्या संध्याकाळी वडिलांना जागं, शांत बसवून कानाला नवं आणि बोटाला जुनं मशीन एकाच वेळी पाच मिनिटं लावा. पाळी आधी बोटांनी चोळून गरम करा. दोन्ही आकडे जवळपास आले तर रात्री वायर मानेमागे चिकटपट्टीने लावून टाका, म्हणजे कूस बदलली तरी ओढली जाणार नाही.